काळंनिळं झालं नाही म्हणजे लागलंच नाही?

पत्र थोडक्यात असं आहे. वाचक चाळिशीला टेकलेत, हौशी टीममधून फुटबॉल खेळतात. गेल्या वर्षी समोरच्याचा गुडघा त्यांच्या मांडीवर पुढून जोरात बसला. मांडी गुडघ्यापर्यंत काळीनिळी झाली, जिना उतरता येईना, पण मालिश करत करत दोनेक आठवड्यांत ते परत मैदानावर होते. या वेळी कोणाचा धक्कासुद्धा लागला नाही. बॉलमागे जोरात पळताना मांडीच्या मागे 'चटकन' काहीतरी झालं आणि थांबावं लागलं. डाग नाही, सूज नाही. चार-पाच दिवसांत चालताना दुखायचं थांबलं, तिसऱ्या आठवड्यात खेळायला गेले आणि खेळ सुरू होऊन थोडा वेळ होतोय तोच त्याच जागी पुन्हा तेच. ही दुसरी वेळ गेल्या आठवड्यातली. तीन आठवड्यांनी टुर्नामेंट आहे. टीमवाले म्हणतात, गेल्या वर्षी एवढं लागलं तरी खेळलास आणि आता काही दिसतही नाही तर बसतोस? घरचे म्हणतात दोन महिने पूर्ण आराम. एक मित्र म्हणतो पेनकिलर घे, पट्टा बांध आणि खेळ. वाचकांचा प्रश्न: "मांडी तीच, स्नायू तोच, मग या वेळी बरं का होत नाहीये? मी उगाच घाबरतोय का? मालिश करू का? आणि क्रेप बँडेज रात्री ठेवायचं की काढायचं?"

नमस्कार,

उगाच घाबरत नाही आहात. खरं तर मला तुमच्या पत्रात घाबरण्यापेक्षा अपराधीपणा जास्त दिसला, म्हणजे दाखवायला काही नाही म्हणून आपलं दुखणं खोटं तर नाही ना असं तुम्हालाच वाटायला लागलंय. त्यामुळे आधी तिथूनच सुरू करू.

मांडी तीच आहे पण स्नायू तो नाही. गेल्या वर्षी लागलं ते पुढच्या क्वाड्रिसेप्सला, आता लागलंय ते मागच्या हॅमस्ट्रिंगला. पण समजा स्नायू एकच असता तरी दोन्ही वेळा वेगवेगळंच काहीतरी झालं असतं, कारण एकदा तुम्हाला बाहेरून मार बसला आणि एकदा स्नायू आतून ताणला जाऊन फाटला. आपण दोन्हीला 'मसल दुखावला' म्हणून मोकळे होतो, आणि मग एकाची मुदत दुसऱ्याला लावतो. तुमची टीम तेच करतेय आणि थोडंफार तुम्हीही.

मुका मार बसतो तेव्हा स्नायू समोरच्याचा गुडघा आणि आपलं हाड यांच्यामध्ये चिरडला जातो. गंमत म्हणजे मार वरून लागला तरी जास्त नुकसान बहुतेक वेळा सगळ्यात खोल, हाडाला चिकटून असलेल्या थराचं होतं, कारण त्याला सरकायला जागाच नसते. त्वचा, तिच्याखालची चरबी, बारीक रक्तवाहिन्या, सगळ्यांनाच थोडं थोडं लागतं आणि रक्त साकळतं. आता हे रक्त कुठे जातं हा खरा प्रश्न. स्नायूभोवती एक पातळ आवरण असतं. ते फाटलं तर रक्त बाहेर पडून दोन स्नायूंच्या मधल्या फटीतून खाली उतरतं आणि दोन-तीन दिवसांनी मार लागला त्याच्या कितीतरी खाली, गुडघ्यापाशी वगैरे, निळा-जांभळा पट्टा दिसतो. बघणारा घाबरतो, पण आतला दाब उतरलेला असतो आणि माणूस लवकर चालायला लागतो. आवरण शाबूत राहिलं तर मात्र रक्त स्नायूच्या आतच कोंडून राहतं, वरून त्वचा स्वच्छ, आणि आत मांडी घट्ट, गुडघा पूर्ण वाकत नाही, दुखणं दिवसेंदिवस तसंच. म्हणजे गेल्या वर्षी मांडी गुडघ्यापर्यंत रंगीबेरंगी झाली ना, ते दिसायला भयंकर होतं पण तुमच्या नशिबाने बऱ्यापैकी चांगलं लक्षण होतं. डाग किती मोठा यावरून इजा किती मोठी हे ठरवायला गेलं की असं उलटं होतं.

आता या वेळचं. जोरात पळताना पाय मागून पुढे येतो, गुडघा सरळ होत जातो आणि पाऊल जमिनीला टेकायच्या जरासं आधी हॅमस्ट्रिंगला पुढे झेपावणाऱ्या नडगीला ब्रेक लावायचा असतो. म्हणजे स्नायू जोर लावत असतो आणि त्याच वेळी लांबतही असतो. स्नायूसाठी सगळ्यात अवघड काम हेच, आणि हॅमस्ट्रिंग कंबरेच्या खुब्यावरून आणि गुडघ्यावरून अशी दोन सांध्यांवरून जाते त्यामुळे दोन्हीकडून ताण येतो. फाटायची नेहमीची जागा म्हणजे जिथे स्नायूचे तंतू टेंडनमध्ये, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीत, मिसळतात ती कड, आणि पळताना होणाऱ्या इजेत बहुतेक वेळा मागच्या तीन स्नायूंपैकी बाहेरच्या बाजूचा, बायसेप्स फिमोरिस नावाचा, धरला जातो. पोटरीत आणि मांडीच्या पुढच्या रेक्टस फिमोरिसमध्ये अशी लचक जास्त का भरते त्याचंही कारण हेच आहे, तेही दोन सांध्यांवरून जातात. हे सगळं खोलवर होतं म्हणून वर डाग येईलच असं नाही, किंवा पाच-सहा दिवसांनी गुडघ्याच्या मागच्या खळगीपाशी फिकट पिवळट-निळं दिसतं, आणि स्वतःच्या मांडीची मागची बाजू आरशात कोण बघत बसतंय म्हणा.

मग चार दिवसांत दुखायचं थांबलं कसं? तुम्ही मोजलंत ते चालताना. साधं चालायला हॅमस्ट्रिंगची ना पूर्ण लांबी लागते ना पूर्ण ताकद, त्यामुळे अर्धवट भरलेला स्नायूही आरामात चालून दाखवतो. दुखणं थांबणं आणि भरून येणं या दोन तारखा वेगळ्या असतात, आणि हॅमस्ट्रिंगच्या बाबतीत त्यांच्यात कित्येक आठवड्यांचं अंतर पडू शकतं. तुमची दुसरी वेळ नेमकी या अंतरात आली.

आत काय चाललेलं असतं ते थोडं सांगते, कारण ते कळलं की पुढचा निर्णय सोपा जातो. फाटलेल्या तंतूंची तुटलेली टोकं आधी मरतात, पहिल्या काही दिवसांत पांढऱ्या पेशी येऊन तो मलबा साफ करतात, सूज आणि गरमपणा येतो तो या कामाचा भाग आहे. मग स्नायूतंतूच्या अगदी कडेला झोपून राहिलेल्या सॅटेलाइट पेशी जाग्या होतात. अलेक्झांडर मॉरो यांनी १९६१ मध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बेडकाच्या स्नायूत त्या पहिल्यांदा पाहून नोंदवल्या. या पेशी वाढून नवे तंतू तयार करतात. पण त्याच वेळी मधली फट भरायला कोलॅजन नावाच्या चिवट प्रथिनाचा व्रणही (जखम सांधणारं ठिगळ म्हणा) तयार होत असतो, आणि दोघांची एक प्रकारे शर्यत लागते. पहिले साधारण दहा दिवस हा कोवळा व्रणच सगळ्यात कच्चा असतो. त्यानंतर तो मजबूत होतो आणि मग जोर आला की फाटतं ते व्रणाच्या शेजारचं स्नायूतंतूंचं. जुन्या कपड्याला रफू केलं की पुढच्या वेळी रफूच्या कडेने फाटतं ना, तसंच. तिसऱ्या आठवड्यात 'तिथेच' पुन्हा झालं असं तुम्ही लिहिलंय, ते बहुधा तिथे नाही, त्याच्या शेजारी झालंय.

मुक्या मारात असं कमी होतं. तिथे तंतू चिरडले जातात पण टेंडनशी असलेला त्यांचा जोड सहसा तुटत नाही, म्हणून रक्त शोषलं गेलं आणि गुडघा पूर्ण वाकायला लागला की माणूस परत खेळू शकतो. तुमचे ते दोन आठवडे खरे होते. फक्त ते या इजेला लागू नाहीत.

आता तुमच्यासमोरचे सल्ले. घरच्यांचा दोन महिने पूर्ण आराम. काळजीपोटी आहे, मुदतीचा अंदाजही खरं सांगायचं तर फारसा चुकलेला नाही, पण 'पूर्ण आराम' हे चुकतंय. वापरात नसलेला स्नायू फार पटकन वाळतो, प्लास्टरमधला पाय दोन आठवड्यांनी बाहेर काढला की डोळ्यांना कळतो इतका बारीक झालेला असतो. शिवाय नव्या तंतूंना कुठल्या दिशेने जुळायचं हे ताणामुळेच कळतं, ताण मिळालाच नाही तर व्रण जास्त आणि वेडावाकडा होतो. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये एक अभ्यास छापला होता, मांडी किंवा पोटरीचा स्नायू फाटलेल्या ५० हौशी खेळाडूंचा, म्हणजे अगदी तुमच्यासारख्यांचा. निम्म्यांचे व्यायाम दुखापतीनंतर २ दिवसांनी सुरू केले, निम्म्यांचे ९ दिवसांनी. लवकर सुरू केलेले साधारण ६२ दिवसांत खेळात परतले, उशिरा सुरू केलेले ८३ दिवसांत. फक्त एका आठवड्याच्या जास्त आरामाने तीन आठवडे लांबलं. आणि यातलं दुसरं वाक्य तुम्ही जास्त लक्ष देऊन वाचा: लवकरवाल्यांनाही दोन महिने लागले.

मित्राचा पेनकिलर आणि पट्ट्याचा सल्ला मला अजिबात पटत नाही. पट्टा बाहेरून मांडीला उब देतो, आधार वाटतो, पण पूर्ण वेगात पळताना आतल्या तंतूवर येणारा ताण तो कमी करत नाही. आणि गोळी फक्त तुमचा अलार्म बंद करते. सुरुवातीचे एक-दोन दिवस झोप लागावी म्हणून डॉक्टरांना विचारून घेतली तर ठीक आहे, दुखत असताना खेळता यावं म्हणून घेणं वेगळं.

म्हणजे राहतो तो मधला रस्ता, लवकर हलवायचं पण हळूहळू वाढवायचं. दुसऱ्या दुखापतीला आठवडा होऊन गेलाय तर तुम्ही आजपासून सुरू करू शकता, मात्र त्याआधी एकदा फिजिओथेरपिस्टला किंवा स्पोर्ट्सच्या डॉक्टरांना पाय दाखवून घ्या, त्याच जागी दुसऱ्यांदा झालंय म्हणून. सुरुवातीला पाठीवर झोपून दोन्ही गुडघे वाकवून कंबर वर उचलायची, तो ब्रिज. तो दुखल्याशिवाय जमला की टाचा थोड्या लांब ठेवून तोच, मग एका पायावर. इथे घाई करू नका आणि एक नियम ठेवा की करताना दहापैकी दोन-तीनपेक्षा जास्त दुखायला नको आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवसापेक्षा जास्त कडक वाटायला नको. वाटलं तर एक पायरी खाली या. त्यानंतर येतात लांबत लांबत जोर लावायचे व्यायाम, आणि तुमच्या इजेत सगळी खरी कमाई यांचीच आहे. नॉर्डिक म्हणतात तो त्यातला प्रसिद्ध: गुडघ्यांवर उभं राहायचं, कोणीतरी मागून घोटे दाबून धरायचे आणि गुडघ्यापासून डोक्यापर्यंत सरळ ठेवून शक्य तितकं हळू पुढे झुकत जायचं, शेवटी तोल जातोच, तेव्हा हातांवर उतरायचं. फुटबॉल खेळाडूंवरच्या अभ्यासांत ज्या टीमनी हा नियमित केला त्यांच्यात हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. आत्ता लगेच मात्र नाही, आधी ब्रिज एका पायावर आरामात जमू दे. आणि पहिल्यांदा केल्यावर दोन दिवस मांडी आंबते, त्याला घाबरू नका.

पळणंही असंच टप्प्याटप्प्याने. आधी जॉगिंग, मग अर्ध्या वेगाने सरळ, मग पाऊण, मग वळणं आणि अचानक थांबणं, आणि सगळ्यात शेवटी पूर्ण वेग. पुरेसं बरं झालंय का हे बघायला कॅलेंडर नको, दुसरा पाय वापरा. पाठीवर झोपून पाय सरळ वर उचलल्यावर दोन्ही सारखे जातात का, बोटाने दाबून दुखरा ठिपका सापडतो का, एका पायावरचा ब्रिज दोन्हीकडे सारख्याच वेळा होतो का, आणि पूर्ण वेगात पाच-सहा वेळा पळून मनात जराही धाकधूक राहत नाही ना. शेवटचं हलकं घेऊ नका, पाऊल आपोआप आखडतं घेतलं जात असेल तर पाय काहीतरी सांगतोय.

या हिशोबाने तीन आठवड्यांनंतरची टुर्नामेंट? स्पष्ट सांगते, विंगला, म्हणजे मैदानाच्या कडेने जोरात पळत खेळायचं असेल तर मी नाही म्हणेन. आधीची दुखापत हेच पुढच्या हॅमस्ट्रिंग दुखापतीचं सगळ्यात भरवशाचं भाकीत असतं आणि परत सुरुवात केल्यावरचे पहिले काही आठवडे सर्वात धोक्याचे. तुमची दोनदा झालीच आहे, तिसरी झाली तर पुढची मुदत आणखी लांबते. टीमला काय सांगायचं हा तुमचा खरा त्रास आहे असं मला वाटतं. तुम्ही 'बसताय' असं त्यांना वाटतंय कारण तुम्हीही 'बघतो, बहुतेक जमेल' असं मोघम सांगत असणार. सरळ सांगून टाका की स्नायू फाटलाय, दुसऱ्यांदा, पूर्ण वेगात पळता येणार नाही, माझ्या जागी आत्ताच दुसरा तयार करा. पहिल्याच स्प्रिंटला तुम्ही मांडी धरून खाली बसलात तर त्यांची एक बदली फुकट जाते, त्यापेक्षा हे त्यांनाही सोयीचं. गोलकीपर म्हणून उभं राहू का असं मनात आलं असेल तर तेही नको, लांब किक मारताना आणि पाय पसरताना हॅमस्ट्रिंग तितकीच ताणते.

मालिशबद्दल. गेल्या वर्षी मालिशने बरं झालं असं तुम्ही लिहिलंय, मला वाटतं मालिश करूनही बरं झालं. ताज्या मुक्या मारावर पहिल्या दोन-तीन दिवसांत चोळणं, शेकणं याने रक्तस्राव वाढतो, आणि मांडीच्या मोठ्या माराला फार रगडलं तर कधीकधी तिथे स्नायूतच हाड तयार व्हायला लागतं, मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात त्याला. मार लागून दोन-तीन आठवडे झाले, गाठ मऊ व्हायच्या ऐवजी टणक होतेय आणि गुडघा वाकणं कमी होतंय असं असेल तर चोळणं बंद आणि एक्स-रे. आत्ताच्या हॅमस्ट्रिंगला हलक्या हाताने केलंत तर बिघडणार नाही, बरं वाटेल, फक्त फाटलेल्या जागेवर अंगठा खुपसू नका. बर्फ दुखणं कमी करायला पहिल्या दिवशी चालतो. आराम आणि बर्फाचं ते 'राइस' सूत्र ज्यांनी १९७८ मध्ये रूढ केलं त्या डॉ. गेब मर्किन यांनीच २०१४ मध्ये सांगितलं की बर्फ आणि पूर्ण आराम यांनी बरं होणं लांबू शकतं, तेव्हा आठवडाभर बर्फ लावत बसायची गरज नाही.

इतर वाचकांसाठी, कारण अशी पत्रं वेगवेगळ्या दुखण्यांची येतात. घोटा मुरगळतो तेव्हा बहुतेक वेळा स्नायू नाही, हाडाला हाड जोडणारं लिगामेंट ताणलेलं असतं, त्याला सांध्याचा तोल सांभाळायचे व्यायाम लागतात. गुडघ्यात पाणी भरलं असेल तर मांडीचा पुढचा स्नायू न लागताही ढिला पडतो, सुजलेल्या सांध्याकडून जाणारे संदेश त्याला दाबून ठेवतात, म्हणून नुसती मांडी कमावून भागत नाही, आधी सूज उतरवावी लागते. टेंडनचं दुखणं, टाचेच्या मागचं वगैरे, हळूहळू येतं आणि हळूहळूच जातं, तिथे रक्तपुरवठा कमी असतो, महिन्यांचा हिशोब धरा. रात्री पोटरीत गोळा येतो ती इजा नाही. आणि नवा व्यायाम केल्यावर एक-दोन दिवसांनी अंग आंबतं ते लॅक्टिक अ‍ॅसिड साठल्यामुळे नाही, ते तर तासाभरात निघून जातं. त्या असतात तंतूंमधल्या अगदी बारीक फटी, दोन-चार दिवसांत आपोआप भरतात.

वाट न बघता डॉक्टरांकडे जायचे प्रसंग मात्र लक्षात ठेवा. मार लागल्यावर काही तासांत पाय दगडासारखा टणक होत गेला, दुखणं मारापेक्षा फारच जास्त वाटतंय, कोणी पायाची बोटं हलवली तरी कळ येते, मुंग्या येतात, तर आत दाब इतका वाढलेला असू शकतो की स्नायूला रक्त मिळत नाही. ही रात्र काढायची गोष्ट नाही, काही तासांत कायमचं नुकसान होतं. खूप कष्टाच्या व्यायामानंतर किंवा शरीर चिरडलं गेल्यावर लघवी चहासारखी काळपट झाली तर लगेच हॉस्पिटल, किडनीचा प्रश्न असतो. स्नायूत हाताला खड्डा लागतोय किंवा बसतो त्या हाडापाशी 'फट्' आवाज होऊन पाय टाकता येत नाही, तर टेंडन हाडापासून सुटलेलं असू शकतं आणि त्याचं ऑपरेशन लागलं तर ते लवकर केलेलं चांगलं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी साधा मुका मारही दाखवावा. आणि काही न लागताच एक पोटरी सुजली, गरम झाली, तर लचक समजून चोळू नका, शिरेत रक्ताची गुठळी असू शकते.

तुमच्या बाबतीत यातलं काही दिसत नाही. एमआरआय लगेच करायची घाई नाही, फिजिओला तपासून शंका आली किंवा चार-सहा आठवडे नीट व्यायाम करूनही पुढे सरकत नसाल तर करा. एक गोष्ट तपासणीत आवर्जून सांगा, कंबर कधी दुखते का आणि मांडीमागची कळ गुडघ्याखाली उतरते का, कारण कंबरेतून निघणारी नसही हुबेहूब हॅमस्ट्रिंगसारखं दुखवू शकते आणि मग हे सगळे व्यायाम चुकीच्या जागी होतात.

क्रेप बँडेज रात्री काढून झोपा. दिवसा बांधायचंच असेल तर बोटं गार किंवा बधिर होणार नाहीत इतकं सैल, आणि आता आठवडा उलटलाय तर खरं म्हणजे दिवसाही त्याची गरज नाही.